सत्तर टक्के मतं आणि तिसरा नंबर

मागच्या लेखानंतर एका मैत्रिणीने विचारलं, "माझ्या निर्देशांकात पाच घटक आहेत. प्रत्येकाला वीस-वीस टक्के वेटेज दिलं की झालं ना? सगळ्यांना सारखा न्याय!"

मीही पहिल्या वर्षी हेच समजत होते. शाळांमधल्या सुविधांचा एक निर्देशांक तयार केला होता. पाच घटक, पाचांना समान भारांक. गाइड मॅडमनी तो अहवाल परत दिला तेव्हा समासात पेन्सिलीने एकच ओळ होती: "भारांक कोणी ठरवले, तू की तुझ्या आकड्यांनी?" तो प्रश्न मला तेव्हा अजिबात कळला नाही. कळला तो बऱ्याच नंतर, आणि तोही एका गाण्याच्या स्पर्धेमुळे. म्हणून आज स्पेनची गोष्ट.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात

युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा १९५६ पासून चालू आहे. प्रत्येक सहभागी देशाचं सार्वजनिक प्रसारण मंडळ एक गाणं पाठवतं. मग सगळे देश एकमेकांच्या गाण्यांना गुण देतात. आपलं गाणं कसं निवडायचं हे मात्र ज्या त्या मंडळाने ठरवायचं. कुणी बंद खोलीत निवडतं, कुणी देशभर स्पर्धा घेतं.

स्पेनची परिस्थिती तेव्हा वाईट होती. सर्वात जास्त पैसा देणाऱ्या पाच देशांपैकी एक म्हणून त्यांना अंतिम फेरीत थेट प्रवेश मिळत असे, पण तिथे जाऊन ते तळाशी बसत. २०२१ मध्ये चोविसावा क्रमांक, सहा गुण. तेव्हा त्यांच्या मंडळाने, आरटीव्हीईने, निवडीची पद्धतच बदलायचं ठरवलं. बेनिदोर्म या समुद्रकाठच्या गावात पूर्वी एक गाजलेला गीतमहोत्सव होत असे. त्या नावाला उजाळा देऊन 'बेनिदोर्म फेस्ट' सुरू झाला. पहिल्या वर्षाची अंतिम फेरी २९ जानेवारी २०२२ ला झाली. आठ गाणी होती, पण खरी चुरस तिघांत.

शानेल तेरेरो हिचं 'स्लोमो': हवानात जन्मलेली, कातालोनियात वाढलेली, संगीत नाटकांत काम केलेली गायिका. गाणं स्पॅनिश-इंग्रजी मिश्र, नाच अतिशय कडक आणि नाचताना आवाज कुठेही हलत नाही.

रिगोबेर्ता बांदिनी हिचं 'आय मामा': आईपण आणि बाईचं शरीर याबद्दलचं, एकदा ऐकलं की डोक्यातून न जाणारं गाणं.

आणि तानशुगेइरास या तीन बायकांच्या गटाचं 'तेर्रा': गालिसियाच्या लोकपरंपरेतलं, हातात डफासारखी पांदेरेता घेऊन, गालिसियन भाषेत गायलेलं. ही भाषा स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातली, पोर्तुगीजची सख्खी बहीण. त्या भाषेतलं गाणं स्पेनने युरोव्हिजनला कधीच पाठवलेलं नाही.

नियम आणि निकाल

गुणांचे तीन स्रोत होते. देशातल्या आणि परदेशातल्या तज्ज्ञांची ज्युरी ५० टक्के. नमुना निवडीने घेतलेला सामान्य प्रेक्षकांचा गट (याला 'डेमोस्कोपिक ज्युरी' म्हणतात) २५ टक्के. फोन आणि एसएमएसने मत देणारी जनता, म्हणजे टेलिव्होट, २५ टक्के. म्हणजे तज्ज्ञ अर्धे, लोक अर्धे. वाचायला किती छान, नाही?

आता पहिल्या तिघांचे गुण बघा. क्रम: ज्युरी, नमुना गट, टेलिव्होट.

शानेल: ५१ + २५ + २० = ९६
बांदिनी: ४६ + २० + २५ = ९१
तानशुगेइरास: ३० + ३० + ३० = ९०

शानेल जिंकली. नमुना गटात आणि टेलिव्होटमध्ये, दोन्हीकडे पहिल्या आलेल्या तानशुगेइरास तिसऱ्या. इथपर्यंत फार तर थोडी कुरकुर झाली असती. पण नंतर आरटीव्हीईने टेलिव्होटची टक्केवारी जाहीर केली:

तानशुगेइरास ७०.७५ टक्के. बांदिनी १८.०८ टक्के. शानेल ३.९७ टक्के.

आणि मग गदारोळ उठला. काही पक्षांनी संसदेत प्रश्न विचारले. ज्युरीतल्या एका सदस्याने पूर्वी शानेलबरोबर काम केलं होतं, यावरून हितसंबंधांची चर्चा झाली. शानेलला इतक्या घाणेरड्या शिव्या पडल्या की तिने ट्विटर खातं बंद केलं. लक्षात घ्या, नियम तिने केले नव्हते. आकडेमोडीतल्या चुकीची किंमत अनेकदा अशाच माणसाला मोजावी लागते, ज्याचा त्या आकडेमोडीशी काही संबंध नसतो.

"घोटाळा झाला" म्हणणारे आणि "नियमाप्रमाणे झालं" म्हणणारे, असे दोन गट पडले. माझं म्हणणं तिसरंच आहे. सगळं नियमाप्रमाणे झालं, आणि गडबड नेमकी नियमातच होती.

पहिली गडबड: 'किती' हरवलं, 'कितवा' उरला

सत्तर टक्क्यांचे तीस गुण आणि चार टक्क्यांचे वीस गुण कसे झाले? कारण टेलिव्होटची टक्केवारी थेट वापरलीच नाही. आधी तिचे क्रमांक लावले आणि क्रमांकांना ठरलेले गुण दिले: पहिल्याला ३०, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला २०.

संशोधन पद्धतीच्या पेपरात आपण मापनश्रेणी पाठ करतो: नामश्रेणी, क्रमश्रेणी, अंतरश्रेणी, गुणोत्तरश्रेणी. परीक्षेत लिहितो आणि विसरतो. इथे ती व्याख्या जिवंत होऊन समोर उभी आहे. मतांची टक्केवारी गुणोत्तरश्रेणीत असते. तानशुगेइरासना शानेलच्या जवळजवळ अठरा पट मतं होती, असं आपण म्हणू शकतो. तिचे क्रमांक केले की ती क्रमश्रेणी झाली. आता फक्त 'पुढे' आणि 'मागे' एवढंच शिल्लक. आणि त्या क्रमांकांना परत ३०, २५, २० असे गुण देऊन बेरीज केली की आपण गुपचूप असं गृहीत धरतो की पहिल्या-दुसऱ्यातलं आणि दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर सारखंच आहे.

प्रत्यक्षात काय होतं? पहिल्या-दुसऱ्यात ५२.६७ टक्क्यांचं अंतर. त्याचे झाले पाच गुण. दुसऱ्या-तिसऱ्यात १४.११ टक्क्यांचं. त्याचेही पाचच गुण. तानशुगेइरासना ७० ऐवजी ९५ टक्के मिळाले असते तरी त्यांचे गुण तीसच. म्हणजे एका मर्यादेनंतर गालिसियातल्या आजीने केलेला प्रत्येक एसएमएस फुकट.

दुसरी गडबड: कागदावरचा भारांक आणि खरा भारांक

माझ्या मॅडमच्या पेन्सिलीचा प्रश्न इथे येतो.

कागदावर ज्युरी ५० टक्के, लोक ५० टक्के. पण निकाल बेरजेने लागत नाही, फरकाने लागतो. शानेल आणि तानशुगेइरास यांच्यातला फरक प्रत्येक स्रोतात किती ते काढा. ज्युरीत शानेल २१ गुणांनी पुढे. नमुना गटात तानशुगेइरास ५ ने पुढे, टेलिव्होटमध्ये १० ने. लोकांचे दोन्ही मिळून १५. एकवीस वजा पंधरा, सहा. शानेल सहा गुणांनी विजयी.

म्हणजे त्या रात्री ज्युरीचा आवाज २१ चा होता आणि लोकांचा १५ चा, आणि लोकांनी याहून स्पष्ट कौल देणं जवळपास अशक्य होतं! भारांक म्हणजे तुम्ही लिहिलेली टक्केवारी नव्हे. ज्या घटकातले गुण जास्त पसरलेले, त्याचा प्रभाव जास्त. ज्या घटकातले गुण एकमेकांना चिकटलेले, त्याला तुम्ही पन्नास टक्के द्या नाहीतर साठ, तो गप्पच बसणार.

माझ्या शाळांच्या निर्देशांकात हेच झालं होतं. 'शाळेत वीजजोडणी आहे का' हा एक घटक होता आणि माझ्या नमुन्यातल्या जवळपास सगळ्या शाळांचं उत्तर 'हो' होतं. त्याला दिलेले वीस टक्के कुठेच लागले नाहीत. शाळांचा क्रम खरं तर ग्रंथालयातली पुस्तकं ठरवत होती, आणि मी मात्र प्रबंधात 'पाचही घटकांना समान महत्त्व' असं ठोकून दिलं होतं.

आता जरा हलवून बघू

निष्कर्ष मजबूत आहे की नाही हे तपासायची साधी युक्ती: एक गृहीतक बदलायचं, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि निकाल टिकतो का ते बघायचं. हे कागदावर पाच मिनिटांत होतं. माझ्याबरोबर करून बघा.

एक: फक्त भारांक बदलू. ज्युरी ४०, लोक ६०. शानेल ९४.८, बांदिनी ९०.८, तानशुगेइरास ९६. निकाल उलटला! नेमका कुठे उलटतो तेही काढता येतं. ज्युरीचा भारांक सुमारे ४१.७ टक्क्यांच्या खाली गेला की तानशुगेइरास जिंकतात. म्हणजे 'पन्नास' या गोल आकड्यात देशाची निवड दडलेली होती.

दोन: भारांक तसेच ठेवू, पण टेलिव्होटचे गुण क्रमांकाऐवजी टक्केवारीच्या प्रमाणात देऊ. सोपं म्हणून या तिघांना मिळालेले एकूण ७५ गुणच (३० + २५ + २०) पुन्हा वाटू. मग तानशुगेइरास ५७.२, बांदिनी १४.६, शानेल ३.२. एकूण बेरीज: तानशुगेइरास ११७.२, बांदिनी ८०.६, शानेल ७९.२. पहिली आलेली तिसरी, तिसरी आलेली पहिली.

पण थांबा. दुसरी पद्धत 'खरी' आणि पहिली 'खोटी' असं मी म्हणत नाहीये. प्रमाणात गुण दिले की टेलिव्होटच सगळं ठरवतो, ज्युरी नावापुरती उरते. तीही एक निवडच. प्रत्येक पद्धत कुणाला तरी आवाज देते आणि कुणाचा तरी कमी करते. फक्त ते उघड सांगायला हवं.

दुसरी बाजू, प्रामाणिकपणे

आरटीव्हीईच्या बाजूनेही चांगले मुद्दे आहेत. टेलिव्होट हा नमुना नसतोच. ज्याला पोटतिडीक आहे तो फोन करतो, पैसे खर्च करतो. एसएमएस करून आवडत्या गायकाला जिंकवण्याचा अनुभव 'इंडियन आयडॉल'च्या पहिल्या पर्वापासून आपल्यालाही आहे. त्यात मोजला जातो तो उत्साह, जनमत नव्हे. एखादा प्रदेश भाषेच्या अभिमानाने एकवटला तर टक्केवारी फुगणारच. क्रमांक लावल्याने ती फुगवटी दाबली जाते. युरोव्हिजनमध्येही प्रत्येक देशाचे क्रमांकच लावतात. तिथे त्याला सबळ कारण आहे, नाहीतर जर्मनीच्या मतांत माल्टा बुडून जाईल. पण एकाच देशाच्या आतल्या मतदानात ते कारण लागू पडत नाही.

शिवाय टेलिव्होट फक्त पहिली पसंती मोजतो. शानेलला चार टक्के म्हणजे शहाण्णव टक्क्यांना ती नावडली असा अर्थ होत नाही. कदाचित अनेकांची ती दुसरी पसंती असेल. नमुना गटात ती दुसरी आली, हे त्याच्याशी जुळतंच.

पण याच नमुना गटाने तानशुगेइरासना पहिलं ठेवलं, हे विसरून कसं चालेल? टेलिव्होटवर अविश्वास आहे म्हणून तर तो गट घेतला होता. दोन वेगळ्या पद्धतींनी मोजलं आणि पहिल्या जागी एकच नाव आलं. आपण याला त्रिकोणीकरण म्हणतो आणि प्रबंधात अभिमानाने लिहितो. तेव्हा 'फक्त गालिसियाच्या लोकांनी फोन केले' हा युक्तिवाद पुरेसा पडत नाही.

"पण ती तिसरी आली ना?"

मे २०२२ मध्ये तुरिनला शानेलने कमाल केली. ४५९ गुण, तिसरा क्रमांक. १९९५ नंतरची स्पेनची सर्वोत्तम कामगिरी. मला विचाराल तर त्या रात्रीचं सगळ्यात नेटकं सादरीकरण तिचंच होतं. देशाचा सूर लगेच बदलला. "बघा, ज्युरीचं बरोबर होतं!"

मला सगळ्यात जास्त खटकतो तो हा युक्तिवाद. आणि संशोधनात आपण सगळे तो कधी ना कधी करतो.

पहिली गोष्ट, तानशुगेइरास तुरिनला गेल्याच नाहीत. त्या विसाव्या आल्या असत्या की पहिल्या, हे कुणालाच कळणार नाही. तुलना करायला दुसरी बाजूच नाही. दुसरी गोष्ट, एका उदाहरणावरून पद्धत सिद्ध होत नाही. २०१७ मध्ये स्पेनच्या निवड फेरीत मानेल नावारो आणि मिरेला यांचे गुण समान झाले. प्रेक्षकांची पसंती मिरेलाला होती, तीन जणांच्या ज्युरीने दोन विरुद्ध एक मतांनी मानेलला निवडलं. कीव्हला तो शेवटचा आला, सव्विसावा, पाच गुण. त्या निकालावरून 'ज्युरी चुकते' म्हणायचं आणि २०२२ वरून 'ज्युरी बरोबर असते' म्हणायचं? २०२३ मध्ये याच बेनिदोर्म फेस्टमधून ब्लांका पालोमा लिव्हरपूलला गेली. तिथे ज्युरींनी ९५ गुण दिले, प्रेक्षकांनी ५. सतरावा क्रमांक. पद्धतीचा सांगाडा तोच, निकाल वेगळा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. शानेलच्या ४५९ पैकी २२८ गुण युरोपच्या प्रेक्षकांचे होते. घरच्या टेलिव्होटमध्ये चार टक्के, आणि बाहेरच्या प्रेक्षकांचं एवढं प्रेम. यात कुणीच चुकलेलं नाही. दोन वेगळ्या समूहांना दोन वेगळे प्रश्न विचारले गेले, एवढंच. स्पेनच्या लोकांना वाटलं की प्रश्न आहे, 'आपली ओळख म्हणून कुणाला पाठवायचं?' ज्युरीला वाटलं प्रश्न आहे, 'तुरिनला कोण गुण मिळवेल?' आरटीव्हीईने दोन्ही प्रश्नांची उत्तरं गोळा केली आणि त्यांची बेरीज केली. सफरचंदं आणि किलोमीटर यांची बेरीज ९६ आली, असं म्हटल्यासारखं आहे हे.

आणि पहिला प्रश्न स्पेनमध्ये साधा नाही. १९६८ मध्ये जोआन मानुएल सेरात याने कातालान भाषेत गाण्याचा आग्रह धरला, तेव्हा फ्रांकोच्या राजवटीत त्याला बदलून मासिएलला पाठवलं गेलं. ती स्पॅनिशमध्ये गायली आणि एका गुणाने जिंकलीही. विजयामुळे त्या निवडीचा प्रश्न मिटला का? पन्नास वर्षांनंतरही लोक सेरातची आठवण काढतात. २०२२ मध्ये कुणी बंदी घातली नव्हती, तुलना तिथे संपते. पण ज्यांची भाषा कधीच त्या मंचावर गेली नाही, त्यांना ३० गुणांची कमाल मर्यादा ही नुसती तांत्रिक बाब वाटणार नाही.

तुमच्या कामाचं

हे सगळं लांबचं वाटत असेल तर पीएचडी प्रवेशाकडे बघा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रवेश परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांक आहे. नेटच्या आधारे प्रवेश घेणाऱ्या, पण जेआरएफ नसलेल्या उमेदवारांसाठीही २०२४ पासून हेच ७०-३० आलं. ऐकून वाटतं, परीक्षा सगळं ठरवते. आता दोन उमेदवार घ्या. एकीला ९८ पर्सेंटाइल, मुलाखतीत ३० पैकी १८. दुसऱ्याला ९५ पर्सेंटाइल, मुलाखतीत २२. पहिली: ६८.६ अधिक १८, म्हणजे ८६.६. दुसरा: ६६.५ अधिक २२, म्हणजे ८८.५. मुलाखतीपर्यंत पोचलेल्या सगळ्यांचे पर्सेंटाइल जवळजवळ असले की सत्तर टक्क्यांचा घटक झोपतो आणि तीस टक्क्यांचा निर्णय देतो. तेव्हा मुलाखतीची तयारी 'तीसच टक्के तर आहे' म्हणून सोडू नका.

आणि स्वतःचा निर्देशांक करताना चार गोष्टी करा. आधी एका वाक्यात लिहा की हा आकडा नेमक्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रत्येक घटकाचे गुण किती पसरलेत ते बघा, प्रमाण विचलन काढा, मगच भारांकाबद्दल बोला. टक्केवारीचे क्रमांक करत असाल तर का करताय ते लिहा. आणि भारांक थोडे हलवून निष्कर्ष टिकतो का ते तपासा. टिकत नसेल तर तेही प्रबंधात लिहा. त्याने प्रबंध कमजोर होत नाही.

आरटीव्हीईला एक श्रेय द्यायलाच हवं. त्यांनी टक्केवारी जाहीर केली. ती दडवली असती तर तीस-वीसचा निकाल सगळ्यांना अगदी नैसर्गिक वाटला असता, आणि मला हा लेख लिहिता आला नसता. आपला कच्चा डेटा दाखवायची वेळ येते तेव्हा मी हे आठवते.

माझा शाळांचा निर्देशांक मी नंतर पुन्हा केला. वीजजोडणीचा घटक काढला, दोन घटकांचं मापन बदललं. क्रमवारीत बऱ्याच शाळा वरखाली झाल्या. आधीच्या यादीत तळाशी असलेली एक शाळा मधोमध आली. त्या शाळेत काहीच बदललं नव्हतं. मॅडमनी या वेळी समासात काही लिहिलं नाही, फक्त विचारलं, "आता कळलं, भारांक कोण ठरवतं?"